एकच उत्तर असलेले प्रश्न

प्रश्न विचारावयाचा तो उत्तर ठाऊक नसते म्हणून. दारावर थाप पडली की 'कोण आहे?' असे आपण विचारतो, कारण बाहेर पाहुणा असेल, टपालवाला असेल किंवा शेजारचे एखादे मूल असेल. काहीही घडले तरी ज्याचे उत्तर एकच यावयाचे, तो प्रश्न केवळ नावाचा प्रश्न होय. नित्याच्या व्यवहारात असले प्रश्न आपण निरर्थक म्हणून सोडून देतो. संगणकाच्या प्रोग्रामांत मात्र ते वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहतात. आणि ते तेथे आहेत म्हणूनच सारे सुरक्षित आहे, अशी प्रोग्राम लिहिणाऱ्याची समजूत होऊन बसते. हे प्रश्न कसे उत्पन्न होतात, ते कोण शोधून काढते, आणि सापडल्यावर त्यांचे काय करावे, एवढे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. वरच्या वर्गांतील जे विद्यार्थी स्वतः लहानमोठे प्रोग्राम लिहू लागले आहेत त्यांना याचा प्रत्यक्ष उपयोग होईल; आणि घरातील वडील मंडळींनाही त्यामागील तत्त्व परके वाटू नये.

प्रथम 'प्रकार' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घेऊ. प्रोग्राम लिहिणारे ज्याला 'टाइप' म्हणतात, त्यालाच येथे आम्ही प्रकार म्हटले आहे. संगणकाच्या स्मृतीत साठविलेली प्रत्येक किंमत कोणत्या ना कोणत्या प्रकारची असते. ४२ हा पूर्णांक होय. 'बेळगाव' हा मजकूर होय. 'सत्य' आणि 'असत्य' या होय-नाही सांगणाऱ्या किमती होत. आणि 'नल' ही येथे काहीच नाही असे सांगणारी खूण होय. स्वयंपाकघरातील डब्यांवर आपण चिठ्ठ्या चिकटवितो, तसेच हे आहे. एका डब्यावर 'मीठ' असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर 'साखर'. चिठ्ठी खरी असेल तर डबा उघडून चाखून पाहण्याची गरज राहत नाही. ती खोटी असेल तर पाहुण्यांच्या चहात मीठ पडते.

आता अशी कल्पना करा, की साखरेच्या डब्यावर 'साखर' अशी ठळक चिठ्ठी आहे, आणि शेजारी भिंतीवर सूचना लिहिली आहे: 'या डब्यात मीठ आहे का ते पाहा, असल्यास चहात घालू नका.' चिठ्ठी म्हणते, येथे मीठ असणे शक्यच नाही. सूचना म्हणते, येथे मीठ असू शकेल. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. चिठ्ठी खरी असेल तर सूचना अनावश्यक आहे. सूचना गरजेची असेल तर चिठ्ठी अपुरी आहे. प्रोग्रामातील अशाच विसंगतीला अशक्य प्रकाराची तपासणी म्हणतात. ज्या किमतीचा प्रकार जाहीर केलेला आहे, तिला 'तू अमुक प्रकारची आहेस का?' असे विचारावयाचे आणि जाहीर प्रकारानुसार त्याचे उत्तर सदैव 'नाही' असेच यावयाचे, हे तिचे लक्षण. उत्तर सदैव 'होय' असे येत असेल तर तेही याच कुळातले.

सी भाषेतील एक जुने उदाहरण पाहू. त्या भाषेत चिन्हरहित पूर्णांक नावाचा एक प्रकार आहे; त्यात ऋण संख्या मावतच नाही. अशा संख्येला 'तू शून्याहून लहान आहेस का?' असे विचारले तर उत्तर कधीही 'होय' येणार नाही. कोणी दहापासून उलट मोजत जाणारी आवृत्ती लिहितो आणि संख्या शून्य किंवा त्याहून मोठी असेपर्यंत चालू राहा, अशी अट घालतो. शून्यानंतर उणे एक येईल आणि आवृत्ती थांबेल, ही त्याची अपेक्षा. परंतु ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात शून्यातून एक वजा केला की ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या उभी राहते, अट पुन्हा सत्य ठरते आणि आवृत्ती काही केल्या थांबत नाही. अट लिहिलेली होती, डोळ्यांना दिसतही होती. तिच्यात थांबविण्याची शक्ती मात्र कधीच नव्हती.

असले दोष माणसाच्या नजरेतून सहज निसटतात, कारण वाचताना वाक्य शहाणपणाचेच वाटते. म्हणून ते शोधण्याचे काम माणसाने दुसऱ्या प्रोग्रामावर सोपविले. प्रोग्राम प्रत्यक्ष न चालविता केवळ त्याचा मजकूर वाचून दोष शोधावयाचे, या पद्धतीला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात; आपण त्या साधनाला 'परीक्षक' म्हणू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली सी भाषेसाठी 'लिंट' नावाचा परीक्षक तयार केला. कपड्याला चिकटलेल्या धाग्यांच्या कसपटांना इंग्रजीत लिंट म्हणतात. प्रोग्रामातील अशी कसपटे वेचून काढणे हे त्याचे काम. पुढे मेरीलँड विद्यापीठातील डेव्हिड होवमायर आणि विल्यम प्यू यांनी जावा भाषेसाठी 'फाइंडबग्ज' हा परीक्षक तयार केला आणि २००४ साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या दोषांच्या यादीत 'ही प्रकार-तपासणी नेहमी असत्य ठरेल' अशी एक स्वतंत्र नोंदच आहे. संकेतस्थळांच्या कामात फार वापरल्या जाणाऱ्या पीएचपी भाषेसाठी चेक प्रजासत्ताकातील ओंद्रेय मिर्तेस यांनी २०१६ साली 'पीएचपीस्टॅन' प्रसिद्ध केला. त्याच्या तपासणीला चढत्या पातळ्या आहेत, आणि चौथ्या पातळीपासून तो अशक्य तपासण्यांवर बोट ठेवू लागतो. या लेखातील पुढची उदाहरणे आम्ही पीएचपीतूनच घेतली आहेत.

परीक्षक हे कसे ओळखतो? त्याची रीत भूमितीच्या सिद्धांतासारखी आहे. जे दिलेले आहे तेथून तो आरंभ करतो आणि प्रत्येक ओळीनंतर आता काय शक्य उरले याचा हिशेब ठेवतो. निकालपत्र तयार करणारा प्रोग्राम घ्या. त्यात प्रथम अट आहे: गुण ३५ किंवा अधिक असतील तर 'उत्तीर्ण' लिहा. तसे नसेल तर दुसरी अट: गुण ६० किंवा अधिक असतील तर 'प्रथम श्रेणी' लिहा. वाचताना दोन्ही वाक्ये निर्दोष वाटतात. परीक्षक मात्र असा विचार करतो, की दुसऱ्या अटीपर्यंत तोच विद्यार्थी पोचेल ज्याचे गुण ३५ हून कमी आहेत. म्हणजे येथे जास्तीत जास्त ३४ गुण शक्य आहेत. आणि ३४ किंवा त्याहून लहान संख्या ६० च्या वर कधीही असणार नाही. सबब ही तुलना नेहमी असत्य. या प्रोग्रामाने वर्षभर निकाल छापले असते तरी एकाही मुलाला प्रथम श्रेणी मिळाली नसती, आणि प्रोग्राम एकदाही अडखळला नसता. दुरुस्ती सोपी आहे: ६० ची अट आधी घ्यावी, ३५ ची नंतर. परंतु परीक्षकाचा शेरा वाचून कोणी ती 'निरुपयोगी' ओळ नुसतीच पुसून टाकली असती, तर शेरा गेला असता आणि अन्याय कायम राहिला असता.

या लेखाचे सार आम्ही येथेच सांगून टाकतो. परीक्षक विसंगती दाखवितो. दोहोंपैकी चूक कोणती हे तो सांगत नाही. तपासणी जेथे सापडली तेथे चूक असेलच असेही नाही. म्हणून ती पुसण्यापूर्वी विचारावे: ही तपासणी लिहिणाऱ्याला कशाची भीती वाटत होती? त्या भीतीचा शोध लागला, की तीन वाटांपैकी एक आपोआप स्पष्ट होते.

पहिली वाट अशी, की भीती खरी असते पण प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. पीएचपीत एखाद्या फाइलमधील सर्व मजकूर वाचून देणारे 'फाइल_गेट_कंटेंट्स' नावाचे फंक्शन आहे. काम साधले तर ते मजकूर देते. फाइल सापडली नाही किंवा उघडता आली नाही तर 'असत्य' ही किंमत देते. पुष्कळ जण अशा वेळी 'नल' येईल असे गृहीत धरून 'इज_नल' या फंक्शनने तपासणी करतात. परीक्षक म्हणतो, येथे मजकूर किंवा असत्य यांपैकीच काही येणार, नल येणारच नाही, म्हणून ही तपासणी नेहमी असत्य. शेरा अगदी बरोबर आहे; पण तपासणी पुसून टाकणे हे त्याचे उत्तर नव्हे. फाइल न सापडल्यास पीएचपी एक इशारा नोंदविते, परंतु प्रोग्राम थांबत नाही. तो हाती आलेले 'असत्य' घेऊन तसाच पुढे जातो, आणि मजकूर अपेक्षित असलेल्या जागी ती किंमत रिकाम्या मजकुरासारखी वागते. यादीची फाइल हरवली असता 'यादीत कोणीच नाही' असा निष्कर्ष निघावा, याहून वाईट ते काय? येथे प्रश्न सुधारला पाहिजे: 'मिळालेली किंमत असत्य आहे का?' आणि तोही तीन बरोबरचिन्हांच्या काटेकोर तुलनेने विचारावा. कारण ढिली तुलना केली तर रिकामी फाइल, किंवा जिच्यात केवळ शून्य हा एकच आकडा आहे अशी फाइलही असत्यच समजली जाईल, आणि एक दोष घालवून दुसरा पत्करल्यासारखे होईल.

दुसरी वाट अशी, की भीती खरी असते, प्रश्नही योग्य असतो, पण डब्यावरची चिठ्ठीच खोटी असते. पुन्हा निकालपत्राकडे वळू. हजेरी क्रमांक दिला की त्या विद्यार्थ्याचे एका विषयातील गुण शोधून देणारे एक फंक्शन आहे. त्याच्या माथ्यावरील टिपणात 'हे पूर्णांक देते' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात विद्यार्थी त्या पेपरला गैरहजर असेल तर ते नल देते. टिपण लिहिताना गैरहजर मुलाची आठवण राहिली नाही एवढेच. पुढे निकाल करताना दुसऱ्या कोणी सावधपणे लिहिले आहे: 'गुण नल असतील तर गैरहजर असा शेरा लिहा.' परीक्षक टिपणावर विश्वास ठेवून म्हणतो, पूर्णांक कधी नल नसतो, ही तपासणी नेहमी असत्य. आता ती ओळ काढली तर काय होईल? पीएचपी बेरजेत नलला मुकाट्याने शून्य मानते. एखाद्या मुलीला चार विषयांत ६०, ७०, ८० आणि ५० गुण आहेत आणि पाचव्या पेपराच्या दिवशी ती तापाने अंथरुणावर होती. तिची बेरीज २६० येईल आणि पाच विषयांची सरासरी ५२ छापली जाईल. दिलेल्या चार पेपरांची सरासरी ६५ आहे, आणि पाचव्या रकान्यात 'गैरहजर' असावयास हवे होते. तेथे शून्य येईल. न दिलेला पेपर आणि कोरा दिलेला पेपर यांत केवढे अंतर आहे, हे विद्यार्थ्यांना आम्ही सांगावयास नको.

येथे दुरुस्ती तपासणीची नव्हे, चिठ्ठीची करावयाची. 'हे पूर्णांक किंवा नल देते' असे खरे लिहिले, की परीक्षकाचा शेरा आपोआप नाहीसा होतो. इतकेच नव्हे, तर याच फंक्शनचा उपयोग ज्या ज्या ठिकाणी नलची काळजी न घेता केला असेल, ती ठिकाणे तोच परीक्षक आपल्या वरच्या पातळीवर दाखवून देतो. एक चिठ्ठी खरी केल्याने घरातील सारे डबे तपासले जातात, असा हा लाभ आहे.

तिसरी वाट उरली ती सर्वांत सुखाची. कधी कधी भीती पूर्वी खरी होती, पण आता तिचे कारण उरलेले नसते. २०१५ च्या डिसेंबरात पीएचपीची सातवी आवृत्ती आली, तोपर्यंत पूर्णांक, मजकूर यांसारखे साधे प्रकार फंक्शनच्या मथळ्यात जाहीर करण्याची सोयच त्या भाषेत नव्हती. लेखक ते टिपणात लिहीत आणि आत शिरल्यावर 'हा खरोखर पूर्णांक आहे का?' असे हाताने तपासून पाहत. त्या काळी ती तपासणी शहाणपणाची होती. आता मथळ्यातच पूर्णांक असे जाहीर केले तर भाषा स्वतः दारावर उभी राहते. 'गैरहजर' असा मजकूर तेथे धाडला तर आत प्रवेश न देता प्रोग्राम जागीच तक्रार करून थांबतो. मग आतल्या खोलीत पुन्हा तीच चौकशी करण्यात अर्थ नाही. ती ओळ निर्धास्तपणे काढावी. वाचणाऱ्याचा वेळ वाचतो आणि 'येथे दुसरे काही येत असेल का?' ही शंका त्याच्या मनात उगीच उभी राहत नाही.

टिपण आणि मथळा यांतील हा भेद विद्यार्थ्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. मथळ्यातील प्रकाराचे पालन भाषा प्रोग्राम चालताना करवून घेते. टिपण म्हणजे माणसाने माणसाला दिलेला शब्द. प्रोग्राम चालू असताना त्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून शेरा मथळ्यावर आधारलेला असेल तर तपासणी बहुधा अनावश्यक असते, आणि टिपणावर आधारलेला असेल तर आधी टिपणावरच संशय घ्यावा. पीएचपीस्टॅन या दोहोंत फरक करतो, आणि टिपणांना पूर्ण प्रमाण मानू नये असेही त्याला सांगता येते. शक्य असेल तेथे टिपणातील शब्द मथळ्यात आणावा हे उत्तम. २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या ७.१ या आवृत्तीपासून प्रकाराच्या नावापूर्वी एक प्रश्नचिन्ह लिहिले, की 'हा प्रकार किंवा नल' असा अर्थ होतो. एवढ्याशा चिन्हाने गैरहजर मुलीची नोंद कायम राहते.

चौथीही एक वाट आहे, पण ती आडवाट आहे. शेऱ्याकडे दुर्लक्ष करावे असे सांगणारी खूण त्या ओळीवर लिहिता येते, किंवा जुन्या शेऱ्यांची यादी करून ते पुन्हा दाखवू नयेत अशी व्यवस्था करता येते. हजारो ओळींच्या जुन्या प्रोग्रामाला परीक्षक प्रथमच लावताना अशी यादी करणे क्षम्य आहे, कारण सर्व दोष एका दिवसात निवारता येत नाहीत. परंतु ती यादी म्हणजे फेडावयाचे कर्ज आहे, हे विसरू नये. आणि परीक्षकाला गप्प करण्यासाठी टिपणात मुद्दाम खोटा प्रकार लिहिणे हे तर चिठ्ठी बदलून मिठाची साखर करण्यासारखे आहे.

असल्या सूक्ष्म गोष्टींनी खरोखर काही बिघडते काय, असे कोणी विचारील. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीला आपल्या फोनांसाठी आणि संगणकांसाठी तातडीने दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. सुरक्षित संपर्क प्रस्थापित करताना समोरचे संकेतस्थळ खरे की तोतया, हे सहीवरून पडताळण्याचा भाग सी भाषेत लिहिलेला होता. त्यात 'गोटू फेल', म्हणजे अपयशाच्या जागी जा, ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ पडली. पहिली ओळ अटीखाली होती. दुसरीवर कोणतीच अट नव्हती. त्यामुळे प्रोग्राम दर वेळी तेथूनच उडी घेई, सहीची शेवटची पडताळणी कधीच होत नसे, आणि तोवर चूक नोंदलेली नसल्यामुळे निकाल 'ठीक आहे' असाच लागे. पडताळणीच्या ओळी जागच्या जागी होत्या. त्यांच्यापर्यंत कोणी पोचत नव्हते. ही चूक प्रकाराची नव्हती, पण कूळ तेच: दिसायला पहारा आणि प्रत्यक्षात मोकळे दार. 'या ओळींपर्यंत पोचताच येत नाही' असे सांगणारे परीक्षक त्या वेळीही उपलब्ध होते.

तरीही परीक्षकाला सर्वज्ञ मानू नये. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ सालीच सिद्ध केले होते, की कोणताही प्रोग्राम दिला असता तो कधी थांबेल की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सार्वत्रिक रीत असू शकत नाही. यास्तव परीक्षकाला काही ठिकाणी गप्प बसावे लागते, आणि इतर ठिकाणी आपण जे सांगितले त्यावरच विसंबावे लागते. त्याचे तर्क शुद्ध असतात. पण गृहीतके आपण पुरविलेली असतात, आणि खोट्या गृहीतकावरून शुद्ध तर्काने खोटाच सिद्धांत निघतो. प्रोग्रामात बाहेरून जे येते, म्हणजे माणसाने भरलेला अर्ज, वाचलेली फाइल, दुसऱ्या संगणकाचे उत्तर, त्याच्या बाबतीत तर फारच सावध असावे. तेथे आत शिरतानाच खरी तपासणी करावी, आणि एकदा खात्री झाली की पुढे खऱ्या चिठ्ठ्या लावून निर्धास्त असावे.

दुरुस्ती झाल्यावर एक गोष्ट अवश्य करावी. ज्या संकटासाठी तपासणी लिहिली, ते संकट मुद्दाम समोर आणून पाहावे. फाइल क्षणभर दुसरीकडे हलवावी. यादीत एक गैरहजर विद्यार्थी घालावा. बरोबर साठ गुणांचा एक आणि चौतीस गुणांचा एक असे दोन विद्यार्थी निकालातून काढून पाहावे. तपासणीने त्यांना अडविले किंवा योग्य जागी धाडले, तर ती खरी. परीक्षकाचा शेरा नाहीसा होणे हे केवळ अर्धे काम होय.

विद्यार्थी मित्रहो, प्रोग्राम लिहिताना किंवा दुसऱ्याचा वाचताना प्रत्येक अटीपाशी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: या प्रश्नाचे दुसरे उत्तर कधी येऊ शकेल काय? येत असेल तर ते कोणत्या दिवशी, कोणाच्या वाट्याला येईल? ज्या मुलीला पेपराच्या दिवशी ताप होता, तिची आठवण ठेवून लिहिलेली एक खरी अट कधीच न अडविणाऱ्या शंभर अटींहून मोलाची आहे.